सगळ्या गल्लीची नजर उत्तम

११ जानेवारी १९८२
नेत्रशिबिराचा अहवाल माझ्याकडे टाइपला आला. आमच्याच गल्लीतला, चौकातला! चिकनचं भरतकाम करणाऱ्या झाडून सगळ्या बायका तपासल्या, सगळ्यांची नजर सहा-बाय-सहा. चष्म्याची गरज: निरंक. आमच्या जे.डी. (जॉइंट डायरेक्टर) साहेबांनी लाल पेन्सिलीने 'अतिउत्तम' लिहिलंय. खाली शेरा, की या गल्लीच्या वाट्याचे चष्मे महिनाअखेर दुसऱ्या जिल्ह्याला वळते करावेत.
आणि समोरच्या खैरुन आपा? परवाच त्यांनी दोरीवर वाळणाऱ्या माझ्या कोटाला "आदाब भाईसाहब" केलं. वर घरची खुशाली विचारली. कोट बिचारा अदबीने गप्प राहिला.
ती बाई सहा-बाय-सहा असेल तर मी गरुड.
या हिंदी मुलखात, आरोग्य खात्यात अठरा वर्षं घासली, इतकी निरोगी गल्ली कधी पाहिली नाही. काहीतरी आहे!

१२ जाने.
सापडलं.
ऑफिसातून थेट आपांच्या ओसरीवर. दुपारपासून लाइट नाही. दाराच्या कवडशात कापड नाकाला लावून मुर्री काढत होत्या. मुर्री म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी गाठ, एका पाकळीत वीस. म्हटलं, आपा, सरकार म्हणतं तुमची नजर घारीची.
हसल्या. सुई कापडात खोचली, डोळे मिटले आणि ताल धरून म्हणाल्या, "ऊपर, दाएँ, नीचे, दाएँ, नीचे, ऊपर."
तक्ता! तो इंग्रजी E सारख्या तीन दातांच्या अक्षरांचा, ज्यात दात कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. रांगेत पहिली उभी होती गल्लीतली एक नवी सून, तिचे डोळे धड. ती बाहेर येऊन पुटपुटली, मागच्यांनी झेललं, शेपटापर्यंत सगळ्यांना पाठ. "इतना बड़ा बूटा याद रखते हैं भाईसाहब, ये तो छह टाँके थे।"
पण का? फुकट चष्मा कोण सोडतं?
"चश्मा लगा, कि मुर्री गई।" शिबिर होतं यांना भरतकाम देणाऱ्या ठेकेदाराच्या अंगणात. त्याने अंगण फुकट दिलं, सामोसे दिले, खात्याचं तंबूचं भाडं वाचलं. आणि डॉक्टरशेजारी खुर्ची टाकून त्याचा मुंशी बसला होता, कोण नापास होतं ते बघायला. जिचे डोळे गेले तिला टेपची, साधा धावदोरा. मजुरी निम्मी.
म्हणजे पोटासाठी डोळे फोडायचे, आणि फुटलेत हे पोटासाठीच लपवायचं. आणि आम्ही लिहायचं अतिउत्तम. वा रे आम्ही!

१५ जाने.
नोट लिहिली. दोन पानं, साधी, एकही टोमणा नाही. आयुष्यात पहिल्यांदा.
जे.डी. वाचून खदाखदा हसले. "मेश्रामजी, होली विशेषांक के लिए अच्छा है!"
ऑफिसच्या अंकात बारा वर्षं थट्टा लिहिल्याचं हे फळ. सुमनला सांगितलं तर म्हणते, "काऊन जी, तुमच्या सरळ बोलण्यावर मी तरी कधी विश्वास ठेवला?" बायको आहे की ऑडिट पार्टी.

१७ जाने., रविवार
काय दिवस! डॉ. सक्सेनांना चहाला बोलावलं, शिबिरवाले. "मेरा चार्ट कोई रट नहीं सकता," हे तीनदा ऐकवलं. म्हटलं, तक्ता आणलाय ना? भिंतीवर लावला. उलटा. त्या अक्षरांचं बरं असतं, उलटीही सुलटीच दिसतात.
सुमनने आपांना हाक मारली. आपा आल्या, डॉक्टर आणि तक्ता पाहून (पाहून!) पदर सावरला आणि ठणठणीत म्हणाल्या, "ऊपर, दाएँ, नीचे, दाएँ…" एकूण एक चूक. सक्सेनांची खारी कपात बुडाली ती वर आलीच नाही.
मी टाळी वाजवली. वाजवायला नको होती.
आपांना कळलं. "भाईसाहब, आपने तो घर बुलाकर तमाशा बना दिया।" चहा न घेता गेल्या.
सुमनने माझ्यापुढचा कपही उचलून नेला. बरोबर आहे तिचं. त्यांनी मला विश्वासाने सांगितलं आणि मी त्याचा जादूचा खेळ केला.

१९ जाने.
सक्सेना जे.डीं.कडे स्वतः गेले, घाव वर्मी बसला होता. फेरतपासणीला मंजुरी मिळाली! एक दिवस. कोणी आलं नाही तर चष्मे गेलेच समजा.
पण जागा? सुमनने सोडवलं. "टीक्याच्या दिवशी, लस टोचतात तेव्हा, दवाखान्यात घ्या. पोरं घेऊन बायका जातातच. मुंशी काय पोलिओचा डोस पाजायला बसतो?"
अठरा वर्षांत अख्ख्या संचालनालयाला सुचलं नाही! आणि चष्मा घरात लावायचा. मुंशी माल घ्यायला फक्त शुक्रवारी येतो, तेव्हा डब्यात.
सुमनच आपांकडे गेली. मला परवानगी नाही. परत आल्यावर एवढंच: "विचार करतो म्हणाल्या."

२७ जाने., दवाखान्यात, फॉर्मच्या पाठीवर
आल्या! अजून येताहेत! पोरं कमी पडली म्हणून उसनी आणलीत. एका आजीच्या कडेवरचं बाळ आतापर्यंत तिघींच्या कडेवर फिरलंय, नर्स म्हणते, "अरे, इस को कितने टीके लगाऊँ?" सक्सेना दर बाईला तक्ता फिरवतात, जुगाऱ्यासारखे. आणि आता बायका खरं सांगताहेत. "नहीं दिखता।" "नहीं दिखता डागडर साहब।" इतके गोड शब्द सरकारी दवाखान्यात ऐकले नव्हते.
साडेअकरा. आपा! दारात. कडेवर शेजारणीची मुलगी. माझ्याकडे पाहत नाहीत.
समोर पानवाल्याकडे मुंशी. आज बुधवार असून. सुपारी कातरत दाराकडेच बघतोय. रांगेतल्यांची पाठ त्याच्याकडे, कोणालाच माहीत नाही. कळलं तर रांग उधळेल.
आपा उंबऱ्यावर थांबल्या, मागे वळून डोळे बारीक केले. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या, अगदी हळू:
"भाईसाहब, सच बताइएगा। पान की दुकान पर वो कौन खड़ा है?"