काचेच्या नळीतली गोटी

मंगळवार, संध्याकाळ. लोणंद.

उद्या वाचून मलाच हसू येईल. पण ती गोटी डोळ्यांपुढून हलत नाही.

कारखान्यात व्हॉल्व्हमधून हवा किती जाते ते आम्ही काचेच्या उभ्या नळीत बघतो. हवा आली की आतली गोटी चढते, थांबली की खाली बसते. आज शिफ्ट सुटताना कॉम्प्रेसर बंद होता, तरी गोटी सावकाश वरखाली होत होती.

फिटर शिंदेकाकांना हाक मारली. "आवं काका, गोटी हलतीया."

"पाइपच काढलाय मी. हवा येईल कुठनं?" म्हणत ते आले आणि नळीपुढे वाकून बघू लागले.

ते चढणं-उतरणं मला ओळखीचं वाटलं. का कोण जाणे, मी श्वास रोखला.

गोटी थांबली.

"थांबली बघ. चल घरी," काका म्हणाले.

दाराबाहेर पडेपर्यंत मी श्वास सोडला नाही.