तीन शिट्ट्यांची फडकी

तीर्थरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता ना? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, फक्त जंतूंची तब्येत बरी नाही.

तुमचं पत्र मिळालं. येत्या रविवारी येऊन मामंजींना कायमचं तुमच्याकडे नेणार म्हणता. मुलगीच तुम्ही, तुमचा हक्क आहे, मी मध्ये बोलणारी कोण? पण सासूबाई गेल्यापासून गॅलरीतल्या खुर्चीत गप्प बसून असणारे वडील डोळ्यांपुढे ठेवून येणार असाल, तर ते आता इथे राहत नाहीत, एवढं आधीच सांगून ठेवते.

त्याचं असं झालं. दोन महिन्यांपूर्वी मामंजी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आले आणि भांड्यांचा स्पंज उचलून त्यांनी नाकाशी नेला. इस्पितळात चौतीस वर्षं शस्त्रक्रियेची अवजारं उकळलेला माणूस तो (तुम्हाला काय सांगायचं, तुमचं लहानपणीचं दूधही म्हणे घड्याळ लावून उकळायचे). "सूनबाई, हा किती दिवसांचा?" एवढंच विचारलं त्यांनी. मला आठवेना. बहुधा तो आम्हाला घराबरोबरच मिळाला असावा.

दुसऱ्या दिवसापासून त्या खात्याचा ताबा त्यांच्याकडे गेला. स्पंज वापरून झाला की साबणाने धुवायचा, घट्ट पिळायचा आणि खिडकीत उभा करून वाळवायचा. सिंकमध्ये ओला सापडला तर तुमच्या भावाची चौकशी बसते. ओट्याचं फडकं वेगळं, भांडी पुसायचं वेगळं, हात पुसायचं वेगळं, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यावर तारीख. शिवाय इस्पितळातला नियम, कमरेच्या खाली गेलेली वस्तू बाद. मी पडले बुटकी, त्यामुळे माझ्या हातातलं फडकं कमरेच्या वर होतं की खाली, यावर रोज वाद. (माझी कंबर नक्की कुठे आहे, हा प्रश्न लग्नाला बारा वर्षं झाली तरी या घरात कुणी काढला नव्हता.)

आता कुकरचं ऐका. फडकी पातेल्यात उकळायचे, तोवर मी सोसलं. पण त्यांच्या मते नुसती उकळी म्हणजे जंतूंना गरम पाण्याची अंघोळ, खरा मार वाफेच्या दाबाचा. तुमच्या भावाचे साहेब जेवायला आले, त्या दिवशी माझ्या बटाट्यांच्या कुकरशेजारी मामंजींनी गुपचूप जुना कुकर चढवला होता. तुमच्या भावाला कधी नव्हे तो मदतीचा उत्साह आला. नेमका तोच कुकर टेबलावर नेऊन त्यांनी साहेबांपुढे उघडला. आत पांढऱ्याशुभ्र घड्या, वाफाळलेल्या. साहेब भिडस्त. ताट पुढे करून म्हणाले, "अगदी थोडंच वाढा." मामंजींनी चिमट्याने घडी उचलली आणि तीन शिट्ट्यांचं शास्त्र सांगितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण साहेब हसून हसून लोळायचे बाकी राहिले. जाताना सगळं कागदावर लिहून घेऊन गेले. आता त्यांच्या बाईसाहेबांचे फोन येतात, तेही मामंजींना. शनिवारी सकाळी सगळ्या मजल्यावरच्या बायका आपापली फडकी घेऊन दारात नंबर लावतात. दिवसाला चार शब्द न बोलणारे मामंजी प्रत्येकीला मनसोक्त रागावतात आणि नंतर पोटभर जेवतात.

तेव्हा वन्सं, विचार करा. तुमच्या स्वयंपाकघरात काय काय लोंबतं, ते मी पाहिलेलं आहे. (बोचलं तर धाकटी म्हणून पोटात घाला.)

तुमची,
भावजय

ता. क. : वरचं खरंच आहे, पण लिहिलं ते तुम्हाला घाबरवायला. त्यांना नेऊ नका हो. माझे वडील मी लहान असतानाच गेले. सकाळी चिमट्याचा आवाज आला, की घरात कुणीतरी मोठं आहे असं वाटतं. इथेच राहाल का, हे मात्र मी त्यांना विचारलेलं नाही, धीर होत नाही.

आणखी एक ता. क. : चि. बेबीस अनेक आशीर्वाद. अक्षर ओळखलं असशीलच. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडं होतं, वाचलं. मजकूर बरोबर आहे, फक्त स्पंज जुना झाला की सरळ फेकायचा, हे सूनबाई लिहायला विसरली. मी येत नाही. इथे मला काम आहे. तू मात्र ये, आणि घरातली सगळी फडकी घेऊन ये. रविवारी खातं बंद असतं, तेव्हा शनिवारीच.