चढ चार मीटर

आई, तुला पत्र लिहायची ही काही वेळ नव्हे, दुपारची भांडी अजून तशीच पडली आहेत. पण आज तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस तेवढीच मी आता झाले आहे, आणि गेला महिनाभर मी कुणाला न सांगता भयंकर घाबरले होते.

झालं असं, की तुझ्या नातवाने मला एक घड्याळ पाठवलं. वेळ सांगणं हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम. पावलं मोजतं, छातीचे ठोके मोजतं, आपण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहोत आणि किती चढ चढलो तेही सांगतं. मी रोज सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढते. एके दिवशी वर पोचले, धापा टाकत कठड्याला टेकले आणि घड्याळात पाहिलं, तर ठोके धावताहेत आणि चढ किती? चार मीटर! अगं, आपल्या गच्चीवर वाळवण घालायला जावं एवढा चढ, आणि माझा जीव कंठाशी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग मला तू दिसायला लागलीस. वणीच्या गडावर मधल्याच पायरीवर पदराने वारा घेत बसलेली. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," म्हणतेस, आणि आम्ही खरंच पुढे होतो. ती तुझी शेवटची चढण. तुझं हृदय तेव्हाच थकलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

तुझे जावई म्हणाले, "घड्याळ बिघडलं असेल, इतकं काय?" पण एवढं महागाचं घड्याळ खोटं बोलेल आणि माझं शरीर खरं, असं मानायला माझं घाबरलेलं मन तयार नव्हतं; डोळ्यांसमोरचा डोंगरही त्याला पटेना. बरं, तपासायचं कसं? घरात कुठे उंची लिहून ठेवलेली असते? आणि एकदम मला निफाडचं स्टेशन आठवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. पॅसेंजरची वाट बघता बघता तू मला पिवळ्या पाटीवरचं सगळं वाचायला लावतेस. शाळेतल्या बाई घरीही बाईच, दुसरं काय! पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली. मी विचारते, "इथं समुद्र कुठंय?" तू म्हणतेस, "नाही ना दिसत? म्हणूनच लिहून ठेवलंय."

मग काय, प्लॅटफॉर्म तिकीट काढून नाशिकरोडच्या पाटीखाली जाऊन उभी राहिले. मुलाने फोनवर सांगितलं तसा पाटीवरचा आकडा घड्याळात भरला आणि रिक्षा करून थेट पांडवलेणी गाठली. लोक घड्याळ तपासतात ते बरोबर निघावं म्हणून. मी मात्र पायरीपायरीला देवाला विनवत होते, की चुकीचं निघू दे रे बाबा. वर पोचले. पाहिलं. आकडा स्टेशनावरून जेमतेम हललेला! म्हणजे घड्याळाच्या मते पांडवलेणी आणि प्लॅटफॉर्म एकाच पातळीवर! मी तिथेच ओरडले, "चुकलंय! चुकलंय मेलं!" काकड्या विकणारी बाई टोपली सोडून आली. "काय सापडलं का मावशी?" म्हणाली. आता तिला काय सांगू, कप्पाळ! तिच्याकडून दोन काकड्या घेतल्या आणि दोन्ही तिथेच उभ्याने खाल्ल्या.

कारण कळलं तेव्हा तर मी कपाळाला हात लावला. मुलगा म्हणाला, "घड्याळाच्या कडेला बारीक भोकं आहेत, तिथून ते हवेचा दाब घेतं आणि उंची काढतं. त्यात काही अडकलंय का बघ." चष्मा लावून पाहिलं. बाजरीचं पीठ! वाळून दगड झालेलं. डाव्या हातात तू दिलेली पाटली आहे, ती मी कधीच काढत नाही, म्हणून घड्याळ उजव्या हातात. आणि भाकरीचं पीठ मळताना ते काढलं तर स्वयंपाकघरातली पावलं मोजली जात नाहीत ना! असली मी हावरट. "हातातलं काढून ठेव, मग पिठाला हात लाव," म्हणून तू माझ्या मनगटावर चापट मारायचीस, ती त्या क्षणी पुन्हा बसली. कोमट पाण्यात भिजवून, मऊ ब्रशने हळूहळू ते पीठ काढलं. दुसऱ्या दिवशी पांडवलेणीवर घड्याळाने चांगला घसघशीत चढ दाखवला. इतके दिवस मी एवढी चढत होते, आणि घड्याळ म्हणत होतं चार मीटर!

तुझे जावई म्हणाले, "झालं ना समाधान? आता डॉक्टर कशाला?" मी म्हटलं, तरीही जाणार. पायरीवर बसून "मी आलेच" म्हणणारी एक आमच्या घरात होऊन गेली, तेवढं पुरे. आज सकाळी सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघत म्हणाल्या, "हृदय छान आहे हो तुमचं. डोंगर चढल्यावर दम लागणारच, नाही लागला तर मला काळजी." मी हसले, थँक्यू म्हटलं, नीट पैसे दिले, पायऱ्या उतरले आणि रिक्षात बसून जी रडले म्हणतेस! रिक्षावाला बिचारा आरशातून बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, पाणी देऊ का?"

हा कागद मी तुझ्या जावयांनाही दाखवणार नाही. आई, तुझं नाक माझ्याकडे आलं, राग आला, दुखरे गुडघे आले. तुझं म्हणून जे जे मिळालं ते मी कौतुकाने मिरवलं. तुझं हृदय तेवढं मिळालं नाही, आणि मला इतका आनंद झाला, इतका, की तुझ्यापुढे माझीच मला लाज वाटली.