कुलपांच्या ग्रंथाला लाभलेली प्रस्तावना

तीर्थरूप मामांना,

भाचीचा सादर नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. तुमचं पोट, मामीची पाठ आणि तुम्हा दोघांचं एकमेकांशी बोलणं ही तिन्ही सुरळीत चालू असतील असं धरून चालते. माझं मागचं पत्र तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलंत, ते पोचलं. 'आशीर्वाद'मधली 'शी' दीर्घ असते हे आता जन्मात विसरणार नाही. (फोनच केला असता, पण फोनवर समोरच्याचं शुद्धलेखन दिसत नाही म्हणून तुम्ही तो उचलत नाही, असं मामी म्हणाली.)

आमच्या विद्यापीठाच्या प्रकाशन विभागानं यंदा तीन नवी पुस्तकं काढली. एक कवितासंग्रह, एक क्रियापदांवरचा ग्रंथ (तो लेखक आणि परीक्षक सोडून कोणी वाचणार नाही, आणि परीक्षकांचीही मला खात्री नाही) आणि तिसरा कुलपांचा सामाजिक इतिहास. ह्या तिसऱ्याला तुमची प्रस्तावना. आम्ही चार पानं मागितली होती. तुम्ही चाळीस पाठवलीत आणि वर अट घातलीत की एक स्वल्पविरामसुद्धा हलता कामा नये. संचालकांनी पाकीट हातात तोलून पाहिलं, 'सरांनी मनावर घेतलेलं दिसतंय' म्हणाले आणि न वाचताच छापखान्याकडे धाडलं. मी तेव्हा रजेवर होते. आमच्या मुद्रितशोधकांनी मात्र अक्षर न् अक्षर वाचलं आणि 'निर्दोष' असा शेरा मारला. ते अर्थ वाचत नाहीत. अर्थाकडे लक्ष गेलं की वेलांट्या निसटतात, असा त्यांचा अनुभव आहे.

रजेवरून परतले तेव्हा गठ्ठे येऊन पडले होते आणि प्रकाशन समारंभ दुसऱ्या दिवशी होता. मी एक प्रत उघडली, रिवाजाप्रमाणे आधी वास घेतला आणि मग तुमचं पहिलं वाक्य वाचलं. 'हा ग्रंथ घाईत लिहिलेला नाही. घाईत लिहिला असता तर निदान लहान तरी झाला असता.' पुढे, तिसरं प्रकरण वगळावं. पाचव्याबद्दल वाचकांची क्षमा मागावी. किल्ली हा विषय लेखकाला इतका उशिरा आठवतो, की तोवर वाचक दाराबाहेर ताटकळून निघून गेलेला असतो. मी गठ्ठ्यावर बसले. संचालकांना हाक मारली, त्यांनी उभ्यानंच दोन पानं वाचली आणि तेही शेजारच्या गठ्ठ्यावर बसले. प्रस्तावना फाडून काढावी असा एक विचार पुढे आला. पण ती पहिल्या प्रकरणासकट शिवलेली आहे, ओढली तर सगळा ग्रंथच सुटा होईल, असं बाइंडरनं सांगितलं.  शेवटी संचालक म्हणाले, "लेखकांना तुम्हीच जाऊन भेटा. मामा तुमचे आहेत."

लेखक म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. विभागात त्यांना सगळे कुलूपमास्तर म्हणतात. अर्धं आयुष्य त्यांनी ह्या एका विषयापायी घालवलं. घरात भिंतभर कुलपं टांगलेली, आणि पुढचं दार सताड उघडं. त्यांची प्रत सकाळीच पोचली होती. ती मांडीवर होती आणि पेन्सिल कानावर. मी रस्ताभर माफीची वाक्यं घोकत गेले होते, ती तशीच परत आणावी लागली.

"बसा," ते म्हणाले. "पाचव्याबद्दल सर म्हणतात ते खरं आहे. तिसऱ्याबद्दल मात्र मी भांडणार."

मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत प्रस्तावना काढून टाकू. तर त्यांनी पुस्तकावर हात ठेवला, जणू मी ते हिसकावूनच घेणार होते.

"बायको होती तोवर निदान विचारायची, आज किती पानं झाली. ती गेल्यावर तेही कोणी विचारलं नाही. तुम्ही लोकांनी पुस्तक छापलंत. वाचलंत का?"

मी भिंतीवरच्या एका कुलपाकडे लक्षपूर्वक पाहू लागले.

"सरांनी तळटिपासुद्धा वाचल्यात," मास्तर म्हणाले. "तळटिपेतली चूक धरलीय." आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो इतका काही मळलेला नव्हता.

समारंभात त्यांनी भाषण केलंच नाही. तुमची प्रस्तावना वाचली. मध्येमध्ये मान डोलवायचे. तिसऱ्या प्रकरणापाशी थांबले, 'इथे मी असहमत आहे' म्हणाले आणि का ते सांगू लागले. आमच्या सभागृहात माणसं चहासाठी येतात आणि चहापर्यंत डुलक्या घेतात, पण त्या दिवशी सगळे सरसावून बसले होते. एकटे संचालक स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. नंतर टेबलावरच्या प्रती हातोहात गेल्या, कारण तिसरं प्रकरण खरंच इतकं वाईट आहे का हे जो तो स्वतः पाहणार होता. क्रियापदवाल्यांची आणि ग्रंथपालबाईंची तर चहाच्या रांगेतच जुंपली. कवयित्रीच्या संग्रहाला तिच्या गुरूंची प्रस्तावना आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्तुती. त्या गठ्ठ्याची दोरीही सुटली नाही. तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमचे मामा माझ्याबद्दल काही वाईट लिहितील का हो?"

एक विचारू का, मामा? न आवडलेलं पुस्तक तुम्ही एका ओळीत निकालात काढता हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. (माझ्या प्रबंधाच्या वाट्याला ओळही आली नव्हती, नुसती मान हलली होती.) मग ह्याला चाळीस पानं कशी? उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो दुरुस्त्यांसह असू द्यावा.

आपली,
भाची

ता. क. : मास्तरांचा दुसरा खंड लिहून तयार आहे आणि प्रस्तावना तुमचीच हवी असा त्यांचा हट्ट आहे. तुम्ही कोणालाही भेटत नाही हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, बाहेर थांबेन. हे पत्र मी त्यांच्याच हाती दिलं आहे, तेव्हा तुम्ही हे वाचताय तेव्हा ते बहुधा तुमच्या पायरीवर उभे असतील. मामीला कल्पना दिली आहे.

आणखी ता. क. : तुमच्या प्रस्तावनेत त्यांना एक चूक सापडली आहे. कोणती ते मला सांगायला तयार नाहीत. म्हणाले, सरांना आत बसूनच सांगेन.