हाड माझं मोडलं, कण्हतात हे

ती. ताईस,

सप्तांग नमस्कार (आठवं अंग प्लास्टरमध्ये आहे). तुझे गुडघे कसे आहेत? माझी डाव्या पायाची नडगी मोडल्याचं तुझ्या भावजयीने कळवलंच असेल. पण त्यानंतर माझ्यावर जे ओढवलं ते तिने सांगितलं नसणार, कारण ती त्यांच्या बाजूची आहे. म्हणून मीच लिहितो.

आम्ही चौघे (मी, दाताचे डॉक्टर, ड्रॉईंगचे मास्तर आणि आपला शिंपी) मोटरसायकली घेऊन डोंगराकडे निघालो होतो. एका वळणावर मी घसरलो. मी एकटाच, बाकी तिघांना ओरखडासुद्धा नाही. आता सांग, अपघात कोणाचा? पण डॉक्टरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की अशा प्रसंगानंतर सगळ्यांनी एकत्र बसून मन मोकळं करावं, नाहीतर भीती आत मुरते. मला हलता येत नाही, म्हणून बैठक माझ्या खाटेभोवती, दर रविवारी दहाला. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी मधे तोंड घालायचं नाही, असा नियम (दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून पोट भरणाऱ्या माणसाने केलेला).

पहिल्या रविवारी डॉक्टर रडले. रस्ता म्हणे त्यांनी निवडला होता. माझ्या पायाखालची उशी काढून त्यांनी पोटाशी धरली, आणि ‘तुमचा काही दोष नाही हो’ म्हणत त्यांची पाठ मी थोपटत होतो. मास्तर दर आठवड्याला त्या वळणाचं चित्र काढून आणतात. पहिल्या चित्रात मी होतो, दुसऱ्यात नुसतं हेल्मेट, तिसऱ्यात फक्त झाड. त्यांना म्हणे आता हलकं वाटतंय. शिंपी तेवढा गप्प, हातातला चहा निववत बसायचा. माझा नंबर शेवटचा, आणि तो येईपर्यंत यांची जेवायची वेळ होते. पाय दुखतो का, हे तीन आठवड्यांत फक्त दूधवाल्याने विचारलं.

तिसऱ्या रविवारी माझा पारा चढला. म्हटलं, “हाड माझं मोडलंय, तुम्ही कशाला कण्हताय?”

तेव्हा शिंपी पहिल्यांदा बोलला. “मी तुमच्या मागेच होतो. माझं चाक तुमच्या डोक्यापासून सहा इंचांवर थांबलं. माझी नजर मापात चुकत नाही. तेव्हापासून कात्री धरली की हात थांबतो.”

मी म्हटलं, “एवढं चिकटून चालवायचं कशाला?” नियमाप्रमाणे कोणी मधे तोंड घातलं नाही. तिघे उठले, चपला घातल्या आणि गेले. माझ्याच घरात मला एक वाक्य बोलायची सोय नाही का? (तुझी भावजय आठवडाभर माझ्याशी ‘गोळी घ्या’ एवढंच बोलते.)

भावोजींना नमस्कार.

तुझा संतापलेला
धाकटा

ता.क. आज रविवार. अकरा वाजून गेले. चहा चौघांचा टाकला होता, प्यायलो मी एकटा.

ता.क. २. वळणावर मी मान वळवून बघत होतो, शिंपी किती मागे पडलाय ते. हे कोणालाच सांगितलेलं नाही.

ता.क. ३. शिंप्याला फोन कर. तुझा शब्द तो मोडत नाही. पायजमा प्लास्टरवरून चढत नाही, माप घ्यायला त्यालाच यावं लागेल, असं सांग. (पायजम्याची ती बाजू तुझ्या भावजयीने पहिल्याच दिवशी उसवून दिली आहे. तेवढं सांगू नकोस.)