मास्तरांचा डावा पाय

प्रिय छोटी,

अक्षर एवढं मोठं का, म्हणून दचकू नकोस. खोक्यांवर पत्ते लिहायचं जाड काळं पेन असतं ना, त्याने लिहितेय. एका पानावर जेमतेम नऊ ओळी बसतात, तेव्हा पाकीट फुगलेलं मिळालं तर आत काही भेट आहे असं समजू नकोस. मी आत्याच्या मुलीकडे गेलेली नाही. निघताना तुझ्याशी खोटं बोलले. तुझ्याशी बोललेलं हे माझं पहिलंच मोठं खोटं, आणि ते इतकं सहज जमलं की माझं मलाच नवल वाटलं. मी मोठ्या इस्पितळात आहे, तिसऱ्या मजल्यावर, बायकांच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर. शेजारी एक शिंपीणबाई आहेत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना पट्टी आहे, तोंडाला मात्र नाही. सकाळपासून त्यांनी मला आपल्या तिन्ही सुनांची मापं सांगितली, कपड्यांची आणि स्वभावांचीही. मी खूप हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे.

इथे पडल्या पडल्या मला सारखा तुझा तो ताप आठवतोय. तू एकोणीस वर्षांची होतीस. सातव्या दिवशी दुपारी तू डोळे मिटलेलेच ठेवून जड, संथ आवाजात बोलायला लागलीस. खालच्या मजल्यावरच्या सुईणबाईंची पाठ वर्षभर धरलेली होती. तू म्हणालीस, दुखणं पाठीत नाही, बुटात आहे, एक टाच झिजली आहे. मी तेव्हा वकिलाच्या कचेरीत लघुलेखिका होते. कुणी बोलायला लागलं की माझा हात आपोआप चालायचा. हाताशी औषधाच्या बाटलीचं कोरं वेष्टण होतं, त्यावर तुझं सगळं बोलणं उतरवून घेतलं. बाईंनी बूट बदलले आणि महिन्याभरात पाठ मोकळी झाली. ताप उतरल्यावर तुला काहीच आठवत नव्हतं. मी तुला वाचून दाखवलं आणि आपण दोघी घाबरून एकमेकींना बिलगून बसलो. ते बूट रोज जिन्यात वाळत ठेवलेले असायचे आणि तुझी नजर लहानपणापासून घारीची, हे मला तेव्हा सुचलंच नाही. आज सुचतंय.

मग तुझं लग्न झालं. मेहुणेबुवा गाद्यांच्या दुकानात विक्रेते होते, ते गाद्या सोडून तुझी झोप लोकांपर्यंत पोचवायला लागले. त्यांची भीड वाटायची म्हणून अकरा वर्षं हा विनोद पोटात ठेवला, आज बाहेर पडला. मी नोकरी सोडली. आपली घडी किती नीट बसली होती ते तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण मला त्या घडीचा अभिमान होता. पत्रं यायची ती मी एकटी उघडायची. आजाऱ्याचं वय, व्यवसाय, घर कसं आहे, काय दुखतं, हे सगळं एका कार्डावर उतरवायचं आणि कार्ड माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद करायचं. मेहुण्यांच्या हातात जायचं ते फक्त नाव आणि गाव. दुपारी तू चपला काढून सोफ्यावर आडवी व्हायचीस, ते वीसपासून उलटे आकडे मोजायचे, नाव आणि गाव सांगायचे, आणि तू त्या माणसाला शोधायला निघायचीस. हे त्याचं दार, ही त्याची खाट, हा त्याचा गुडघा. मी लिहून घ्यायची. नंतर ड्रॉवर उघडून तुझं सांगणं कार्डाशी ताडून बघायचं आणि जुळलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे हिरव्या पेन्सिलीने खूण करायची. येणाऱ्या पाहुण्यांना मेहुणे अभिमानाने सांगायचे, ड्रॉवरची किल्ली एकच आहे आणि ती ताईंच्या गळ्यात असते. लोक माझ्या गळ्याकडे बघायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावरची शंका मावळायची. त्यांचा विश्वास तुझ्यावर नव्हता गं, माझ्या गळ्यातल्या किल्लीवर होता.

आणि ते सांगणं कुठल्या कुठे जाऊन पोचलं! मी टाइप केलेल्या प्रती लोक हाताने उतरवून घ्यायला लागले. तुझ्या वाक्यांवर तीन शहरांत उपचारकेंद्रं निघाली. मालिश करणाऱ्या बाया तुझ्या सांगण्यातल्या परिच्छेदांचे क्रमांक पाठ म्हणून दाखवतात. ज्यांना कुठल्याच देवाचं काही नको होतं तेसुद्धा ‘शरीर स्वतःला विसरलं की आजारी पडतं’ हे वाक्य चौकटीत घालून भिंतीवर लावतात. आज कबूल करते, ते वाक्य अर्धं माझं आहे. तू झोपेत ‘शरीर विसरतं’ एवढंच पुटपुटली होतीस, टाइप करताना मी त्याला हातपाय जोडले. एकाच दुखण्यावर तू दोनदा वेगवेगळे उपाय सांगितलेस तर मी त्यातला एक गाळायची. मला ती लबाडी वाटली नाही. कचेरीत वकिलांची वाक्यंही मी अशीच सरळ करायची. तेव्हा मी धुतल्या तांदळासारखी आहे असं म्हणत नाही. पण मी मनापासून मानत होते, छोटी. त्या सोफ्याजवळ बसून लिहिताना माझ्या अंगावर रोज काटा यायचा, अगदी रोज.

म्हणून तर डोळ्याचं तुलाच विचारलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डाव्या डोळ्यातला दाब वाढलाय, महिन्याभरात शस्त्रक्रिया करा, नाहीतर मागची नस सुकत जाईल. पुढे दोन-तीन महिने लिहिणं-वाचणं बंद. हे मी घरी जेवताना सांगितलं. सांगण्यांचा मोठा ग्रंथ छापायला जायचा होता, चारशे पानं टाइप व्हायची होती. मेहुण्यांनी फक्त पाणी मागितलं. त्या गुरुवारी तू माझ्यासाठी आडवी झालीस. माझं सांगणं मीच लिहून घेतलं: लोखंड लावू नका, डोळा थकलेला आहे, मेलेला नाही, कोमट मिठाच्या पाण्याच्या घड्या, गाजराचा रस, उजव्या कुशीवर झोप. मी चौदा महिने ते केलं. गाजरं पिऊन पिऊन माझे तळहात पिवळे पडले. ग्रंथ पूर्ण झाला. डावा डोळा गेला. त्याचा दोषही मी स्वतःवरच घेतला, म्हटलं, एखाद्या दिवशी घडी ठेवायची राहिली असेल. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, मन लहान करू नकोस ताई.

आता मास्तरांचं सांगते, म्हणजे तुला सगळं कळेल. दोन महिन्यांपूर्वी एकाच टपालाने दोन पत्रं आली होती. एक शाळामास्तरांचं, त्यांचे गुडघे दुखत होते. दुसरं गिरणीतल्या पहारेकऱ्याचं, त्याचा डावा पाय अपघातात गुडघ्यापासून गेलेला आणि नसलेल्या पायात कळा यायच्या. एका डोळ्याने काम करताना माझी गल्लत झाली. पहारेकऱ्याच्या पत्रातला मजकूर मी मास्तरांच्या कार्डावर उतरवला. माझ्या लक्षात आलं नाही. दुपारी तू आडवी झालीस, मास्तरांच्या घरी पोचलीस आणि हळहळत म्हणालीस, अरेरे, याला डावा पायच नाही. मी लिहून घेतलं, कार्डाशी ताडलं, जुळलं. हिरवी खूण केली आणि टपालात टाकलं. पंधरा दिवसांनी मास्तरांचं उत्तर आलं. माणूस सभ्य. त्यांनी लिहिलं होतं की ईश्वरकृपेने मला दोन्ही पाय आहेत, आणि दोन्ही दुखतात.

आधी मला हसू आलं. मग मी त्यांचं जुनं पत्र काढलं. त्यात पाय गेल्याचा शब्द नव्हता. मग कार्ड काढलं आणि बघतच राहिले. मास्तरांना डावा पाय नाही ही गोष्ट साऱ्या दुनियेत एकाच ठिकाणी होती: माझ्या हस्ताक्षरात, माझ्या चुकीने, माझ्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये. तू मास्तरांच्या घरी गेलीच नव्हतीस. तू माझ्या टेबलापर्यंत गेली होतीस.

ते टेबल आईचं. त्याला दोन किल्ल्या होत्या. तू आठ वर्षांची असताना एक हरवली आणि आई मला बोल बोल बोलली, कारण मोठी मी, लक्ष मी ठेवायचं. तू कोपऱ्यात उभी राहून माझ्यासाठी रडत होतीस. त्या रडण्याने मी सगळं विसरले होते. मास्तरांचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आंघोळीला गेल्यावर मी सोफ्यावरच्या तुझ्या उशीचा अभ्रा काढला. का काढला ते माहीत नाही, मला वाटतं, हातांना आधीच कळलं होतं. किल्ली आतल्या शिवणीत होती. इतकी वर्षं तू तिच्यावर डोकं ठेवून झोपायचीस आणि मी समोर बसून तुझा तो शांत चेहरा बघायची. मी किल्ली परत शिवून टाकली. धाकट्या बहिणीची लाज झाकायची सवय काही जात नाही.

तरीही मी तुझी वकिली करत राहिले. म्हटलं, बिचारी दमली असेल, खरी झोप लागेनाशी झाली असेल, म्हणून कार्डं बघायला लागली असेल. पण उपचारांवर तिचा स्वतःचा विश्वास तर आहे. एवढ्या आधारावर मी आणखी महिना काढला. मग उजव्या डोळ्यासमोरही धूर दिसायला लागला आणि मी गुपचूप इथे डोळा दाखवायला आले. तपासणीच्या खोलीत एक थोराड परिचारिका आहेत. मला बघताच त्यांचा चेहरा खुलला. पित्ताशयाचे टाके कसे आहेत, पुन्हा दुखलं नाही ना, असं त्यांनी मला विचारलं. लोक लहानपणापासून आपल्या दोघींत गोंधळतात. मी म्हटलं, बरे आहेत. त्या आनंदाने बोलत राहिल्या. गेल्याच्या गेल्या वर्षी, वसंतात, तीन आठवडे. छोटी, तेव्हा तू डोंगरावर मौनात होतीस. मी सगळ्या पत्रांना तसंच उत्तर टाइप केलं होतं. तुझ्या पोटात खडे झाले तेव्हा तू उजव्या कुशीवर झोपली नाहीस. तू डॉक्टरकडे आलीस, शहाण्यासारखी. आणि परत आल्यानंतरच्या दुसऱ्याच गुरुवारी, ताज्या टाक्यांसकट सोफ्यावर आडवी होऊन, मला म्हणालीस, लोखंड लावू नका.

तिथे माझं सगळं तुटलं. तू लोकांना फसवलंस याचा राग पुढे कधीतरी येईल. आत्ता मला एवढंच कळतं की तू मला फसवलंस, मला, जिने तुझ्यासाठी आईची बोलणी खाल्ली. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून मी रडले, आणि गंमत बघ, गेलेल्या डोळ्यातूनही पाणी येत होतं.

ड्रॉवर तू उघडून बघितला असशील तर कळलंच असेल. शस्त्रक्रिया करू नका किंवा औषध बंद करा असं ज्यांना आपण सांगितलं, ती एकसष्ट कार्डं मी त्या दिवशी घरी परतल्यावर काढून ठेवली आणि इथे भरती होताना घेऊन आलेय. गेले आठ दिवस मी त्या एकसष्ट जणांना पत्रं लिहितेय, याच जाड पेनाने. तुझ्याबद्दल एक अक्षर वाईट लिहिलेलं नाही. मी सांगणं लिहून घेणारी बाई आहे, माझा एक डोळा असाच गेला, तुम्ही आजच्या आज डॉक्टरकडे जा, एवढंच. काहींच्या कार्डांना सहा-सात वर्षं झालीत. त्यांचे पत्ते लिहिताना माझा हात थांबत होता. शेवटचं पत्र काल संध्याकाळी खाली पेटीत टाकलं. मेहुणे भडकतील. भडकू देत.

आता हे बासष्टावं, आणि हे का लिहिलं ते सांगते. उद्या दुपारी माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी हातचं न राखता सांगितलंय की गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते बहुतेक टिकेल, पण कदाचित तेही जाईल. परवा सकाळी दहाला पट्टी काढतील. अर्जावर जवळचा नातेवाईक म्हणून मी तुझंच नाव घातलंय, दुसरं कुणाचं घालणार? हे पत्र घेऊन शिंपीणबाईंचा मुलगा आज तुझ्या दारी येईल. तू ये. सेवा करायला नको, रडायला तर मुळीच नको. मला तुला एकच विचारायचंय: त्या गुरुवारी, ताई आंधळी होईल हे तुला ठाऊक होतं का? पत्राने उत्तर देऊ नकोस. अकरा वर्षं तुझा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा बघितला, हे उत्तर देतानाचा जागा चेहरा मला बघायचाय. आणि मला दिसलं नाही, तरीही ये. तू खोटं बोलायला लागलीस की आवाज जड आणि संथ होतो. तो मी ओळखेन, अकरा वर्षं मीच लिहून घेतलाय.

तरीही तुझीच,
ताई