शमा, जमीर उठेल

बोरी अरब,
जानेवारी २०१८

प्रिय शमा बेटी,

तू पुसदला परत गेलीस तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालतो आहे. तोंडानं सांगणं जमत नाही, म्हणून लिहायला बसलो.

दुकान उघडलं. लग्नसराई आहे, गाद्या भरून घ्यायला लोक येतात. परवा पूनमसिंग आलता. त्याच्याच वावरात आपला जमीर कपाशीच्या फवारणीला गेला होता. बिचारा उंबऱ्यापाशीच थबकला. म्हणाला, "चाचा, मी त्याले म्हनलं होतं, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली, औषध तोंडावर येते, राहू दे. तो नुसता हासला." मी त्याला पाणी दिलं. त्याच्यावर राग नाही माझा. ते जहर ज्यांनी बनवलं आणि विकलं, त्यांना तर मी ओळखतसुद्धा नाही.

दवाखान्यात भर दुपारी जमीरनं विचारलं, "अब्बा, लाइन गेली काय? काहीच दिसत नाही." तू खिडकीशी होतीस, ऊन तुझ्या तोंडावर होतं. मी म्हटलं, "हो बेटा, येते आता." तू तोंड फिरवलंस. त्याच दिवशी तुझा अल्लावरचा भरवसा उडाला असावा.

जमीर गेल्यावर चाळिसाव्या दिवशी फातिह्याला आलेली माणसं पांगल्यावर तू म्हणालीस, "अब्बा, मातीत गेलेला माणूस उठत नाही. कयामतच्या दिवशी सगळे उठतील म्हणता, पण उठवणार काय?" मी पिंजारी माणूस. म्हटलं, जुन्या गादीत कापसाचे गोळे होतात, दगडासारखे. पिंजला की तोच कापूस फुलतो की नाही? तू म्हणालीस, "कापूस तर असतो ना अब्बा. जमीरचं काय उरलं?" मग मी विचारलं, जमीर जन्मला त्याच्या आधी त्याचं काय होतं? काहीच नव्हतं. ज्यानं नसलेला जमीर आणला, त्याला मातीतला जमीर आणणं जड जाईल का? तू म्हणालीस, "एकदा झालं म्हणजे पुन्हा होतेच, असं नाही."

खरं आहे. पण मी तुला हिशेबाचं विचारलं. ज्यांच्या औषधानं पोरगा गेला, त्यांना कोणी बोलावलं नाही, कोणी जाब विचारला नाही. सगळं इथंच संपत असेल तर त्यांचंही संपलं आणि जमीरचंही. दोघं सारखेच झाले. तुझी अक्कल तरी हे मानते का? तू म्हणालीस, "मानत नाही. पण मी मानत नाही म्हणून दुनिया बदलते का?" त्यावर मला एवढंच सुचतं, की ज्यानं आपल्याला अन्याय ओळखायची नजर दिली, तो स्वतः आंधळा कसा असेल? हे पुरेसं नाही, मला कळतं. तू हुशार आहेस, यातही खोट काढशील. काढ.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. अम्मी जेवत नाही ते जमीरच्या दुःखानं, असं आपण धरून चाललो होतो. तसं नव्हतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं. यकृतात गाठ आहे, फार पसरली आहे, घरीच ठेवा म्हणाले. तिला सगळं ठाऊक आहे. काल मला विचारलं, "मले जमीर भेटन काय?" मी हो म्हटलं. इमामसाहेबांनीही हो म्हटलं. ती म्हणाली, "तुमी तं हो म्हनानच. शमाले बोलवा. शमा खोटं बोलत नाही."

बेटी, खोटं बोल असं मी म्हणणार नाही. तू ये. तिच्यापाशी बस, आणि तुला जे खरं वाटेल ते सांग. मी दाराशी उभा राहीन. मलाही ऐकायचं आहे.

तुझाच,
अब्बा